ऑक, ओइल आणि सी

फ्रान्सच्या दक्षिणेला तुलूज शहर आहे. तिथल्या मेट्रोत बसलं की प्रत्येक स्टेशनचं नाव दोनदा ऐकू येतं. आधी फ्रेंचमध्ये, मग जरा जास्त गोल स्वरांत, ऑक्सिटनमध्ये. 'कापितोल', आणि पाठोपाठ 'कापितॉली'. नवख्या माणसाला वाटतं की यंत्र अडखळलं. रोजचे प्रवासी कानात बोंडं घालून मोबाइल बघत बसलेले असतात. ही दुसरी भाषा म्हणजे एके काळी या सगळ्या मुलखाचीच भाषा होती. तिचं नाव पडलं ते तिच्या 'हो' या शब्दावरून. 'हो' म्हणायला इथले लोक 'ऑक' म्हणत, म्हणून ती 'ऑक'ची भाषा. प्रांताचं जुनं नावही तेच, लांगदॉक. आजच्या प्रशासकीय प्रदेशाचं नाव 'ऑक्सितानी', त्यातही तोच 'ऑक' आहे. नकाशावर भाषेचं नाव इतक्या ठळक अक्षरांत आहे, पण त्याच मुलखातल्या सरकारी शाळेत सगळे विषय या भाषेतून शिकवायचे म्हटलं तर राज्यघटना आडवी येते. हा विरोधाभास मला रुचत नाही. तो का रुचत नाही, हे सांगायचं तर त्या दीड अक्षराच्या शब्दापासूनच सुरुवात करावी लागेल.

'हो'वरून भाषा ओळखायची युक्ती दान्तेची. 1304 च्या आसपास त्याने 'दे वुल्गारी एलोक्वेन्तिया' हा ग्रंथ लिहायला घेतला आणि अर्धाच सोडला. लोकभाषांची थोरवी गाणारा हा ग्रंथ त्याने लिहिला मात्र लॅटिनमध्ये, पंडितांना पटवायचं म्हणून. दक्षिण युरोपातल्या भाषांची त्याने तीन घरं पाडली. कुणी 'ऑक' म्हणतात, कुणी 'ओइल' म्हणतात, कुणी 'सी' म्हणतात. 'ओइल'वाले म्हणजे उत्तर फ्रान्सचे लोक आणि 'सी'वाले म्हणजे इटलीचे. पुढे आपल्या महाकाव्यातही तो इटलीला 'जिथे सी घुमतो तो सुंदर देश' म्हणाला. या तिघांत मोठी भाषा कोणती आणि बोली कोणती, हे मात्र त्याने ठरवलं नाही. तिन्ही एकाच आईच्या लेकी, एवढंच त्याचं म्हणणं.

गंमत म्हणजे त्या आईकडे, लॅटिनकडे, 'हो'साठी एक असा ठरलेला शब्दच नव्हता. रोमन माणूस 'ईता' म्हणे, 'सीक' म्हणे, 'एतिआम' म्हणे, नाहीतर सरळ प्रश्नातलं क्रियापदच उलट टाके. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. 'जेवलास का?' याला आपलं घरातलं उत्तर 'जेवलो' असंच असतं. नुसतं 'हो' म्हणणारा पाहुणा जरा परकाच वाटतो. आयरिश भाषेत तर आजही 'हो'साठी स्वतंत्र शब्द नाही. आयर्लंडमध्ये सार्वमत घेतात तेव्हा मतपत्रिकेवर इंग्रजी 'येस'च्या जोडीला आयरिशमध्ये 'टॉ' छापलेलं असतं, आणि त्याचा अर्थ 'आहे'. आपलं 'होय' तरी वेगळं काय आहे? संस्कृत 'भवति', प्राकृत 'होइ', मराठी 'होय'. म्हणजे तेही मुळात 'आहे'च.

तर एका लॅटिनची लेकरं पांगली आणि प्रत्येकाने आपापला 'हो' जुळवला. 'सीक' म्हणजे 'असं'. त्याचा इटालियन आणि स्पॅनिशमध्ये 'सी' झाला. पोर्तुगीजांनी नाकात बोलून त्याचा 'सिं' केला. दक्षिण फ्रान्सच्या लोकांनी 'हॉक' घेतला, म्हणजे 'हे'. 'ह' गळला आणि 'ऑक' उरला. उत्तरेच्या लोकांची तऱ्हा त्याहून न्यारी. त्यांनी 'हे'ला सर्वनाम जोडलं. मी आलो का, असं विचारलं तर 'हे तू'. तू आलास का, असं विचारलं तर 'हे मी'. तो आला का, असं विचारलं तर 'हे तो', लॅटिनमध्ये 'हॉक इल्ले'. पुढे काळाच्या ओघात बाकीची रूपं झिजून गेली आणि हे तिसरंच सगळीकडे चिकटलं. हॉक इल्ले, ओइल, ऊई.

याचा अर्थ नीट पाहा. 'तू जेवलास का?' असं विचारलं आणि समोरच्याने 'हे तो' असं उत्तर दिलं, तर आपण त्याला वेडा म्हणू. पण पॅरिसमधला प्रत्येक माणूस 'ऊई' म्हणतो तेव्हा शब्दशः नेमकं हेच म्हणत असतो. फ्रेंच अकादमीच्या कोशात बसलेला, राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी असलेला, लग्नाच्या नोंदणीत नवरा-नवरीने उच्चारायचा हा शब्द म्हणजे शेताच्या बांधावर घाईत बोलणाऱ्यांनी गोठवून ठेवलेली व्याकरणाची चूक आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही. भाषा अशाच होतात. फक्त 'ऊई' म्हणणाऱ्याने 'ऑक' म्हणणाऱ्याला अडाणी ठरवू नये. उलट, व्याकरणाचाच काटा लावायचा तर 'ऑक' सरस ठरेल.

बाकी युरोपातही या शब्दाची कुळकथा अशीच सरमिसळीची. रुमानियन ही लॅटिनची थेट लेक, पण 'हो' म्हणायला तिने शेजारच्या स्लाव्ह लोकांचा 'दा' उचलला. पोलिश 'ताक' म्हणतात, झेक 'आनो' म्हणतात. ग्रीक माणूस 'ने' म्हणाला की त्याचा अर्थ 'हो', आणि सीमेपलीकडच्या बल्गेरियात 'ने' म्हणजे 'नाही'. त्यात बल्गेरियन माणूस 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो. त्या सीमेवर नाक्यावर काम करणाऱ्यांचं मला फार वाटतं.

जर्मनांकडे एकट्या 'या'ने भागत नाही. नकारार्थी प्रश्न खोडून काढायचा असेल तर ते 'डॉख' म्हणतात. फ्रेंचांनी त्या कामासाठी 'सी' राखून ठेवला आहे. 'तुला भूक नाही ना?' असं विचारलं आणि भूक असली, तर उत्तर 'ऊई' नाही, 'सी'. मराठी माणूस फ्रेंच शिकताना हमखास इथे पडतो, कारण 'भूक नाही ना?'ला आपण खुशाल 'हो, नाही' म्हणतो. मीही कैक वेळा पडलो आहे, आणि त्यापायी एकदा उपाशीही राहिलो आहे.

इंग्रजीतही एके काळी असे दोन 'हो' होते. साध्या प्रश्नाला 'ये' आणि नकारार्थी प्रश्नाला 'येस'. नकाराच्याही अशाच दोन तऱ्हा होत्या. 1532 मध्ये सर थॉमस मोरने बायबलचा भाषांतरकार विल्यम टिंडल याला यावरून झापलं, की बाबा रे, तुला 'नो' आणि 'ने' यांतला फरकही कळत नाही. पुढे मोरचा शिरच्छेद झाला, टिंडलचा गळा आवळून त्याला जाळलं, आणि थोड्याच काळात तो नियमही मेला. आज सगळे 'येस'च म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही.

इथवरची कथा रमणीय आहे. पुढची नाही.

1209 मध्ये उत्तरेच्या सरदारांची फौज दक्षिणेत उतरली. निमित्त धर्माचं होतं, कॅथर नावाच्या पाखंडी पंथाचा बीमोड. बेझिए शहरात कत्तल झाली, आणि वीस वर्षांनी लढाई थांबली तेव्हा दक्षिणेचा बराच भाग पॅरिसच्या राजाच्या कह्यात जायची वाट मोकळी झाली होती. भाषा मात्र लगेच गेली नाही. 1539 मध्ये फ्रान्स्वा पहिला या राजाने व्हिलेर-कोतरे इथे हुकूम काढला, की कोर्टकचेरीचे कागद 'फ्रेंच मातृभाषेत'च लिहावेत. हुकूम लॅटिनच्या विरुद्ध होता की प्रांतांतल्या भाषांच्या, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण कागदावरून 'ऑक' उठला तो तेव्हापासून. त्याच व्हिलेर-कोतरेच्या वाड्यात 2023 मध्ये फ्रेंच भाषेचं मोठं केंद्र उघडलं, खुद्द राष्ट्राध्यक्ष उद्घाटनाला होते. जागा अचूक निवडली होती, असं म्हणावं लागतं.

खरा घाव बसला तो क्रांतीनंतर. 1794 मध्ये आबे ग्रेग्वार या धर्मगुरूने राष्ट्रीय सभेपुढे अहवाल ठेवला. त्याचा विषय होता, प्रांतोप्रांतीच्या 'पातवां'चा, म्हणजे गावठी बोलींचा, समूळ नाश करण्याची गरज आणि उपाय. त्याने आकडे दिले. साठ लाख लोकांना फ्रेंच अजिबात येत नाही, तेवढ्याच लोकांना धड संभाषण करता येत नाही, आणि नीट बोलणारे तीस लाखांहून जास्त नाहीत. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्या घरात होती. म्हणजे राष्ट्राची भाषा नीट बोलणारेच राष्ट्रात अल्पसंख्य होते.

ग्रेग्वारला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. हाच माणूस गुलामगिरीविरुद्ध लढला, ज्यूंना समान हक्क मिळावेत म्हणून भांडला. त्याची चिंता खरी होती. ज्या शेतकऱ्याला कायदा वाचताच येत नाही, तो नागरिक कसला? त्याच्या वतीने वकील, पाद्री आणि जमीनदारच बोलत राहणार. गरिबाच्या पोराला फ्रेंच आली की त्याची गावकुसातून सुटका होईल, हा विचार चुकीचा नव्हता. तशी ती झालीही. चूक होती ती दुसऱ्या शब्दात, 'नाश'. नवी भाषा शिकवायची तर जुनी मारली पाहिजे, हे कुणी सिद्ध केलं होतं? आपल्याकडे दोन-तीन भाषा बोलणारा फेरीवाला बाजारात पैशाला पासरी सापडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शाळा सक्तीच्या झाल्या आणि अहवालातला नाश वर्गात उतरला. दक्षिणेच्या कित्येक शाळांत लाकडाचा तुकडा किंवा जुना खडाव असे. पोराच्या तोंडून 'ऑक'ची भाषा निसटली की ते लाकूड त्याच्या गळ्यात पडे. ते उतरवायचा मार्ग एकच. दुसरं कुणी तीच चूक करताना पकडायचं आणि लाकूड त्याच्या गळ्यात घालायचं. शाळा सुटताना ज्याच्याकडे ते असेल त्याला शिक्षा. यातली क्रूर हुशारी पाहा. मास्तरला छडी उगारायचीही गरज नाही, पोरंच एकमेकांची हेर होतात. घरी आजी काही विचारते आहे आणि 'ऑक' म्हणावं की नाही, या विचाराने पोर गप्प. त्या सगळ्या अनुभवाला ऑक्सिटनमध्ये एक शब्द आहे, 'वेरगॉन्या'. लाज. दोन पिढ्यांनी ती लाज गिळली आणि तिसऱ्या पिढीला आईबापांनी भाषाच दिली नाही. कुणी बंदी घालायची वेळच आली नाही.

त्याच काळात, 1904 मध्ये, फ्रेदेरिक मिस्त्राल या प्रोव्हान्सच्या कवीला याच भाषेतल्या कवितेसाठी साहित्याचं नोबेल मिळालं. त्याआधी 1858 मध्ये लूर्दच्या गुहेत बेर्नादेत नावाच्या मुलीला दिसलेली मेरीमाता तिच्याशी गावच्याच गास्कनमध्ये, म्हणजे ऑक्सिटनच्याच एका बोलीत, बोलली होती, अशी तिची साक्ष. लूर्दला मेरीमातेच्या पुतळ्याखाली आजही गास्कनमधलंच वाक्य कोरलेलं आहे. स्टॉकहोमला ही भाषा चालली आणि स्वर्गालाही चालली, पण गावच्या वर्गात ती चालत नव्हती.

हे सगळं जुनं झालं, आता काय त्याचं, असं कुणी म्हणेल. म्हणून 1992 कडे येऊ. त्या वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्सच्या घटनेच्या दुसऱ्या कलमात एक वाक्य घातलं गेलं : 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे.' तेव्हा सांगितलं गेलं की हे इंग्रजीच्या रेट्याविरुद्धचं कवच आहे, प्रादेशिक भाषांना त्याची झळ लागणार नाही. नोव्हेंबरात युरोपीय परिषदेने प्रादेशिक भाषांची सनद सह्यांसाठी खुली केली. फ्रान्सने त्यावर 1999 मध्ये सही केली, आणि पुढच्याच महिन्यात, कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या तिथल्या घटना परिषदेने ही सनद घटनेत बसत नाही असा निर्णय दिला. सनद आजही मंजुरीविना आहे. 2008 मध्ये घटनेत आणखी एक वाक्य आलं, प्रादेशिक भाषा हा फ्रान्सचा वारसा आहे. वारसा म्हटलं की वस्तू काचेच्या कपाटात जाते. 2021 च्या एप्रिलमध्ये संसदेने मोठ्या बहुमताने प्रादेशिक भाषांसाठी कायदा केला. मे महिन्यात घटना परिषदेने त्यातलं मुख्य कलम काढून टाकलं. सगळे विषय आणि शाळेतला सगळा व्यवहार प्रादेशिक भाषेत चालवणारी शिक्षणपद्धती दुसऱ्या कलमाच्या विरुद्ध आहे, असं कारण दिलं. इंग्रजीविरुद्ध म्हणून उभारलेल्या कवचाची धार अशी आपल्याच आज्यांवर चालली.

योगायोग असा, की त्याच 1992 च्या ऑगस्टमध्ये भारताने घटनेच्या आठव्या अनुसूचीत कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या भाषा घातल्या. यातल्या कोकणीचा युरोपातल्या या कथेशी जुना संबंध आहे. 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने, आल्व्होरच्या काउंटने, फर्मान काढलं होतं, की लोकांनी तीन वर्षांत स्वतःची बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ग्रेग्वारच्या एकशेदहा वर्षं आधी तोच विचार, फक्त इथे मधाचं बोटही नव्हतं. तीन वर्षांची मुदत कधीच उलटून गेली आणि गोव्यात 'सिं'पेक्षा 'हय'च जास्त ऐकू येतो. आठव्या अनुसूचीने सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. गोव्यात मराठी-कोकणीचा वाद किती चिघळला, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? साताऱ्या-कोल्हापूरच्या पोराने वर्गात 'व्हय गुर्जी' म्हटलं की हसणारे वर्ग आणि 'होय म्हण' असं दटावणारे गुरुजी आपल्याकडेही होते. 'होइ'चा 'व्हय' होणं हे 'होय' होण्याइतकंच सरळ आहे. आपल्याकडे गळ्यात लाकूड पडलं नाही, एवढंच.

ऑक्सिटनच्या बाजूने बोलताना दोन अडचणी मला मान्य करायलाच हव्यात. एक, ही भाषा एकसंध नाही. नैऋत्येच्या बेआर्न भागात 'हो'ला 'ऑक'सोबत 'किओ' म्हणतात, प्रोव्हान्समधल्या काहींना आपली भाषा वेगळीच मोजायला हवी आहे, आणि 2016 मध्ये नव्या प्रदेशाचं नाव 'ऑक्सितानी' ठेवलं तेव्हा पेर्पिन्याँच्या कॅटलन लोकांनी मोर्चे काढले, कारण ते 'ऑक'वाले नाहीतच. दोन, बोलणारे बहुतेक म्हातारे आहेत, आणि ऑक्सिटनमधून शिकवणाऱ्या, 1979 पासून चालवलेल्या 'कालांद्रेता' शाळा, म्हणजे 'चंडोलाचं पिल्लू', नावासारख्याच छोट्या आहेत. पण एकसंध नसणं हा गुन्हा असेल तर 'ओइल'च्या घरातही पिकार, नॉर्मन, वालून अशी भावंडं होती. त्यातल्या एकाला राजधानी मिळाली, म्हणून तो 'फ्रेंच' झाला. आणि बोलणारे म्हातारे आहेत ही तक्रार, ज्याने पोरांना बोलू दिलं नाही, त्याने तरी करू नये.

राहता राहिला देशाच्या एकतेचा मुद्दा. तुलूजच्या मेट्रोत दोन मार्ग जिथे एकमेकांना मिळतात, त्या स्टेशनचं नाव झाँ झोरेस. झोरेस दक्षिणेतल्या कास्त्रचा. समाजवादी नेता, प्रजासत्ताकाचा कट्टर पाठीराखा. गावकऱ्यांपुढे तो त्यांच्याच बोलीत भाषण करी. 1911 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात तो लिस्बनला काही दिवस होता. तिथल्या रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांचं बोलणं ऐकून आणि दुकानांच्या पाट्या वाचून आपण तुलूजमध्येच फिरतो आहोत असं त्याला वाटलं, आणि त्याच वर्षी त्याने लेख लिहून मागणी केली, की शाळेत फ्रेंचच्या जोडीने दक्षिणेची भाषाही शिकवा. त्याचं कारण व्यवहारी होतं. जे पोर घरची भाषा आणि फ्रेंच ताडून बघेल, त्याला फ्रेंच जास्त चांगली कळेल, आणि कॅटलन, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज यांची दारं त्याला आपोआप उघडतील. म्हणजे 'ऑक' म्हणणारा माणूस फुटीर होतो, या आरोपाला शंभर वर्षांपूर्वीच खुद्द झोरेसनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. आज त्याचं नाव दिवसभर त्या भाषेत पुकारलं जातं, सरकारी शाळेचा सगळा व्यवहार त्या भाषेत चालवायची मागणी मात्र दुसऱ्या कलमाच्या दारात अडकली आहे.

तुलूजमधून वाहणारी गारॉन नदी उगम पावते ती पिरेनीजच्या आरान खोऱ्यात. हे खोरं स्पेनच्या हद्दीत, कॅटलोनियात आहे. जेमतेम दहा हजार वस्ती. तिथले लोक जे बोलतात ते 'आरानेस', म्हणजे गास्कनचंच एक रूप. 2006 च्या कायद्याने ती साऱ्या कॅटलोनियाची अधिकृत भाषा आहे. शाळेत ती आहे, पंचायतीत आहे, दवाखान्याच्या पाटीवर आहे. स्पेनमध्ये भाषांवरून, फुटून निघण्यावरून रणं माजली, पण त्यात आरानच्या 'ऑक'मुळे कुणाचं काही तुटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. नदी पोन्त दे रेईच्या पुलाशी फ्रान्समध्ये शिरते. पुलाच्या अलीकडे मास्तरांनी हजेरी घेतली तर पोराने 'ऑक' म्हटलेलं चालतं. पलीकडे सरकारी शाळेचा सगळा दिवस 'ऑक'च्या भाषेत चालवायचा असेल, तर फ्रेंच संसदेने त्या दुसऱ्या कलमातल्या वाक्याला 'प्रादेशिक भाषांचा मान राखून' एवढे शब्द जोडावेत. ही सूचना तिथे पूर्वी मांडली गेली आहे, आणि नाकारलीही गेली आहे. ती पुन्हा मांडावी.